मधमाश्यांच्या प्रथिनखाद्याची पारख माश्यांवर करा : एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, राष्ट्रीय मधमाशी मंडळ, नवी दिल्ली
मा. संचालक, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, पुणे
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्युरो, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या एका गावात राहते. घरची द्राक्षबाग आणि कांदा नवरा-दीर बघतात, मधमाश्या माझ्याकडे आहेत. ११ वर्षांपूर्वी १० पेट्या आणल्या होत्या. गेल्या वर्षी मृग लागला तेव्हा मेलिफेरा या पाळीव युरोपीय माशीच्या १०६ पेट्या भरलेल्या होत्या. या वर्षी मृगाला ७४ उरल्या, आता विभाजन करून कशाबशा ८२ झाल्यात. ज्या गेल्या त्यांना रोग नव्हता. वरोआ ही माश्यांवरची गोचिडीसारखी कीड दर वर्षीइतकीच होती, शेजारच्या बागेतली फवारणीही त्यांना भोवली नाही. त्या उपासमारीने गेल्या, आणि त्या काळात त्यांच्यापुढे मी स्वतःच्या हाताने वाढलेलं खाद्य होतं. त्या खाद्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

तिन्ही कार्यालयांना एकत्र लिहितेय, कारण प्रत्येकाकडे या प्रश्नाचा एकेक तुकडा आहे. उघडपणे लिहितेय, कारण आमच्या जिल्ह्यात कांदा बियाण्याला आणि डाळिंबाला परागीभवनासाठी पेट्या देणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. पुढचं पाकीट फोडण्याआधी त्यांनीही हे वाचावं.

ज्यांनी कधी पेटी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. मकरंद म्हणजे साखर. उडायला आणि पेटी उबदार ठेवायला माशीला ती लागते. पराग हे तिचं डाळ-दूध-तूप. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, क्षार सगळं तिला परागातून मिळतं. तो जास्त करून खातात त्या आठ-दहा दिवसांच्या तरुण माश्या, ज्यांना आम्ही दाई माश्या म्हणतो. त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींत त्याचं दूध तयार होतं आणि ते अळ्यांना आणि राणीला भरवलं जातं. चांगल्या पेटीतली पोळ्याची फ्रेम उन्हाकडे तिरकी धरली की दोन-तीन दिवसांच्या अळ्या पांढऱ्या दुधात तरंगताना दिसतात. परागाची टंचाई झाली की तीच घरं कोरडी पडतात, अळी तळाला चिकटलेली असते. ताण आणखी वाढला तर माश्या लहान अळ्या स्वतःच खाऊन टाकतात आणि ते प्रथिन पुन्हा वापरात आणतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

आमच्याकडे हा ताण पावसाळ्यात येतो. उन्हाळ्यात कडुनिंब, करंज, जांभूळ यांचा फुलोरा होऊन जातो. मग निफाड, चांदवड, येवल्याकडे नजर जाईल तिथे मका आणि सोयाबीन. श्रावणात मक्याला तुरा आला की माश्यांच्या पायांवर पिवळ्या गोळ्या दिसू लागतात आणि नवख्या मधपालाला वाटतं, चला, पराग सुरू झाला. पण मक्याच्या परागात हिस्टिडिन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, फारच कमी असतं. नुसत्या मक्यावर ठेवलेल्या माश्या मिश्र परागावरच्या माश्यांपेक्षा कमी अळ्या वाढवतात आणि स्वतःही कमी जगतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या उतारांवर खुरासणी (कारळा) फुलते ती भाद्रपद-आश्विनात. तोवर अडीच-तीन महिने पेटी जगवायची आणि वाढवायची तर साखरेच्या पाकाबरोबर प्रथिनखाद्य द्यावंच लागतं.

नुसती जगवून भागत नाही, हे कांद्याच्या हिशेबाने पाहा. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस. त्यानंतर साधारण तीन आठवडे ती पेटीतच काम करते, मग फुलांवर जाते. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस डोंगळ्यावर (बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याच्या फुलोऱ्यावर) बसणारी माशी डिसेंबरच्या मध्याला घातलेल्या अंड्यातून आलेली असते. तिला दूध पाजणारी दाई नोव्हेंबरच्या अंड्यातली, आणि त्या दाईची दाई पावसाळ्याच्या शेवटाची. श्रावणातली उपासमार माघात कळते. शेतकरी डोंगळ्याच्या वाफ्यात पेटीचं झाकण उचलून विचारतो, "ताई, माश्या एवढ्याच?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी एका विक्रेत्याकडून प्रथिनखाद्याची पावडर घेतली, ४० किलो. पाकिटावर ठसठशीत अक्षरात '४० टक्के प्रोटीन'. घटक कोणते, कधी बनवलं, किती दिवस टिकेल, यातलं काहीच नव्हतं. वापरायची रीत एवढीच की तितकीच पिठीसाखर घाला, पाण्याने मळा, थापून फ्रेमवर ठेवा. म्हणजे ४० टक्क्यांवरून प्रथिन तिथेच २० टक्क्यांवर आलं. तेही पाकीट सांगत नव्हतं, मी मळताना मनात केलेला हिशेब. माश्यांनी दोन-तीन दिवसांत पॅट्या फस्त केल्या. मी खूश झाले आणि पुन्हा भरल्या. एका ओळखीच्या मधपालालाही फोन करून सांगितलं की माल चांगला आहे, माश्या आवडीने खातात. तो फोन आठवला की आजही वाईट वाटतं.

माश्या साखरेसाठी खात होत्या. पीठ बारीक असलं, गोडी असली, वास बरा असला की त्या खातात; आतल्या प्रथिनाचा कस त्यांना तोंडाला कळत नाही. सहाव्या आठवड्यात फ्रेम बाहेर काढल्या तेव्हा राणी अंडी घालत होती, अंडी उबतही होती, पण तीन दिवसांपुढच्या अळ्या जवळजवळ नव्हत्या. मेणाने झाकलेली कोषांची घरं विखुरलेली, फ्रेमला चाळणीसारखी भोकं. राणीत दोष असेल म्हणून मी आठ पेट्यांतल्या राण्या बदलल्या. काही फरक पडला नाही.

मग ती पावडर घेऊन मी नाशिकच्या एका खासगी प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला : क्रूड प्रोटीन ३८ टक्के. म्हणजे पाकिटावरचा आकडा जवळपास खरा होता. माझी बीएस्सी रसायनशास्त्रातली. हा आकडा काढायची जेल्डाल पद्धत मी प्रॅक्टिकलला स्वतः केलेली आहे, त्यामुळे अहवाल हातात घेऊन बसले तेव्हा चूक कुठे आहे हे हळूहळू कळत गेलं. या पद्धतीत प्रथिन मोजतच नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. तो नायट्रोजन चांगल्या डाळीतून आला की युरियातून, हे त्या नळीला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घालून हाच आकडा फुगवला गेला आणि लाखो बाळं आजारी पडली. गाई-म्हशींना थोडा युरिया चालतो, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू त्यापासून प्रथिन बनवतात. माशीकडे ती सोय नाही.

माझ्या पाकिटात युरिया होता असं मी म्हणत नाही. त्यात काय झालं होतं ते मला एका पोल्ट्री खाद्य बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे कळलं. पावडर पाण्यात भिजवल्यावर कच्च्या सोयाबीनचा वास येत होता, म्हणून मी सहज त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चिमूटभर पावडर बशीत पसरली, वर युरिया आणि फिनॉल रेड या रंगद्रव्याचं पाणी शिंपडलं आणि पाच मिनिटं थांबायला सांगितलं. बशीभर लाल ठिपके उठले. ही युरिएज चाचणी, लाल ठिपके म्हणजे सोयाबीन कच्चं. सोयाबीन नीट भाजलं-शिजलं आहे का, हे पोल्ट्रीवाले रोज अशीच पाहतात. ते म्हणाले, "ताई, हे कोंबडीलासुद्धा घालणार नाही मी."

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक असतात. प्रथिन पचवणारं एंझाइम ते अडवून धरतात. माशीलाही ते बाधतात, दाई माशीच्या दुधाच्या ग्रंथींतलं प्रथिन त्यामुळे घटतं. उष्णता दिली की ते निकामी होतात. पण उष्णता जास्त झाली तर लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल साखरेशी जखडलं जातं आणि मग तेही पचत नाही. कच्चं, नेमकं भाजलेलं आणि करपलेलं, तिन्ही पिठांचं क्रूड प्रोटीन सारखंच येतं. पाच मिनिटांची, काही रुपयांची चाचणी होती ती. माझ्या ३२ पेट्या तिच्यावाचून गेल्या.

त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेले. डी ग्रूट या संशोधकाने १९५३ सालीच दाखवून दिलं की माशीला दहा अमिनो आम्लं अन्नातूनच मिळावी लागतात. कोणतं किती, तेही त्याने मोजलं : १०० ग्रॅम प्रथिनात ल्युसीन ४.५ ग्रॅम, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ४-४, आर्जिनीन, लायसीन, थ्रिओनीन ३-३, फिनाइलअ‍ॅलनीन २.५, हिस्टिडिन आणि मेथिओनीन दीड-दीड, ट्रिप्टोफॅन १. माझे आजोबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते सांगायचे, पेटीत 'क' चे हजार खिळे असोत, 'स' चा शेवटचा खिळा लागला की पान तिथेच अडतं. अळीच्या शरीरात अगदी असंच होतं. मेथिओनीन गरजेच्या निम्मंच असलं तर बाकी नऊ कितीही असोत, शरीर निम्मंच प्रथिन बांधतं, उरलेली आम्लं जळून जातात. सोयाबीन, हरभरा ही सगळी द्विदल मेथिओनीनला तोकडी. म्हणून नुसत्या डाळ्याच्या पिठावर किंवा नुसत्या सोयावर भागत नाही. यीस्ट मिसळावं लागतं, आणि किती, हे आमच्यासारख्याने अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

एक साधा हिशेब मांडते. एक अळी वाढवायला सुमारे २५ ते ३७ मिलिग्रॅम प्रथिन लागतं. किलोभर पॅटीत २० टक्के म्हणजे २०० ग्रॅम प्रथिन. एका अळीला ३० मिलिग्रॅम धरलं तर साडेसहा हजार अळ्या, आमच्या लँगस्ट्रॉथ पद्धतीच्या पेटीतली जवळजवळ एक पूर्ण फ्रेम दोन्ही बाजूंनी भरलेली. हे कागदावर. एका अमिनो आम्लाची तूट निम्मी असली तर अर्धी फ्रेम. ट्रिप्सिन रोधक असले तर माझ्यासारखी चाळणी. किलोचे पैसे मात्र तेवढेच जातात.

दुधाच्या पावडरीबद्दलही बोलायला हवं, कारण ती आपल्याकडच्या अनेक पाककृतींत असते आणि गावात सहज मिळते. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्म्याच्या आसपास लॅक्टोज असतं. माशी ते पचवू शकत नाही, आणि लॅक्टोज व त्यातलं गॅलॅक्टोज जास्त झालं तर तिला विषारी ठरतं. सोयाबीनमधल्या स्टॅकिओज आणि रॅफिनोज या शर्कराही तशाच. थोड्या प्रमाणात भरपूर साखरेबरोबर गेलं तर माशी निभावून नेते. पण ते थोडं म्हणजे किती, हे पाकिटावर नसेल तर मधपाल आपल्या हाताने वाढवत जातो. "दूधच आहे, घाल अजून" असं म्हणत मी स्वतः एकदा वाढवलेलं आहे. गुळाचंही असंच, पाकात गूळ घातला की माश्यांना हगवण लागते. नव्या मधपालांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

प्रथिनाच्या आकड्यात अजिबात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे स्टेरॉल, कोलेस्टेरॉलच्या जातीचा स्निग्ध पदार्थ. माशीचं शरीर स्टेरॉल बनवू शकत नाही. तिला ते परागाच्या स्निग्धांशातून घ्यावं लागतं, आणि त्यातही २४-मिथिलीनकोलेस्टेरॉल तिला फार महत्त्वाचं. सोयाच्या पिठात, डाळ्यात ते तिला हवं तसं मिळत नाही. २०२५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या संशोधनात यीस्टमध्ये जनुकीय बदल करून माशीला लागणारी सहा स्टेरॉलं त्यात तयार करून घेतली आणि ते यीस्ट खाद्यात घातलं. ते मिळालेल्या वसाहतींत कोषापर्यंत पोहोचलेल्या अळ्या १५ पटींपर्यंत अधिक होत्या. मी ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या पॅटीत प्रथिनाचे सगळे खिळे असते तरी पान अडणारच होतं.

या पावसाळ्यात मी घरच्या घरी एक छोटा प्रयोग केला. १२ पेट्या, साधारण सारख्या ताकदीच्या. चार पेट्यांना फक्त साखर. चार पेट्यांना दुसऱ्या एका विक्रेत्याचं पाकीट, ज्याची युरिएज चाचणी मी आधी करून घेतली आणि ती ठीक आली. उरलेल्या चारांना तेच पाकीट, पण त्यात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा पराग, गेल्या वर्षीच्या आश्विनात पेठच्या बाजूला खुरासणीवर परागसापळे लावून गोळा केलेला, सुकवून डीप फ्रीझरमध्ये ठेवलेला. तारेची एक-एक इंचाची चौकट फ्रेमवर धरून दर १२ दिवसांनी झाकलेली घरं मोजली. सहा आठवड्यांनी साखरेवरच्या पेट्यांत ती जवळपास संपली होती. पाकिटावरच्या पेट्यांत निम्म्यावर आली होती. पराग मिसळलेल्या पेट्यांत टिकून होती, एका पेटीत तर वाढली. चार-चार पेट्यांवरून काही सिद्ध होत नाही, आणि सगळ्याच माश्या बाहेरून मक्याचा पराग आणत होत्या, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे काम ज्यांचं आहे त्यांना लिहितेय.

आता मागणी.

गाई-म्हशींच्या मिश्र खाद्याला भारतीय मानक आहे, आयएस २०५२. कोंबड्यांच्या खाद्याला आयएस १३७४ आहे. मधाला आयएस ४९४१ आहे. अमेरिकेला जाणाऱ्या मधाला १ ऑगस्ट २०२० पासून एनएमआर चाचणी सक्तीची झाली, कारण मधात कोणी साखर मिसळली तर ती पकडता यावी. मध तपासणीच्या प्रयोगशाळांसाठी मधमाशीपालन व मध मिशनमधून मदत मिळते, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण मी ११ वर्षांत घेतलेल्या प्रथिनखाद्याच्या एकाही पाकिटावर कुठल्या मानकाचा क्रमांक मला दिसला नाही. जो मध तुम्ही इतक्या काळजीने तपासता तो करणाऱ्या माशीचं अन्नही त्याच काळजीने तपासा.

आणि मानक करताना फक्त किमान क्रूड प्रोटीनचा आकडा लिहून थांबू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. तसं झालं तर माझ्या हातातलं ते कच्च्या सोयाचं पाकीट उद्या मानकाची खूण मिरवत येईल. दहा आवश्यक अमिनो आम्लांचं प्रमाण छापायला लावा. सोया असेल तर युरिएजची मर्यादा घाला. लॅक्टोज, मीठ, पिठाचा बारीकपणा, बुरशीचं विष, यांना मर्यादा घाला. शेंगदाण्याची पेंड घातलेलं खाद्य आमच्या दमट पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलं की अफ्लाटॉक्सिनची भीती असतेच. घटक उतरत्या क्रमाने, बनवल्याची तारीख, वापरायची मुदत, आणि प्रथिनाचा आकडा मळलेल्या पॅटीचा द्यायचा, कोरड्या पिठाचा नाही.

त्याहून मोठी गोष्ट, खाद्य माश्यांवर तपासल्याशिवाय विकायला येऊ नये. यासाठी काही नवीन शोधायचं नाही. कोवळ्या माश्या पिंजऱ्यात ठेवून त्या किती दिवस जगतात आणि त्यांच्या दुधाच्या ग्रंथी किती भरतात हे पाहण्याची पद्धत जुनी आहे. मग वसाहतींवर, परागाच्या टंचाईच्या दिवसांत, एका बाजूला फक्त साखर आणि दुसऱ्या बाजूला खरा पराग ठेवून, मधे ते खाद्य. झाकलेली कोषांची घरं किती चौरस इंच, हा त्याचा निकाल. पुण्याच्या संस्थेची स्थापना १९६२ ची. आमच्यासाठी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, नाशकातच मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. माणसं आणि जागा आहेत. निकाल मराठीत, साध्या तक्त्यात, पाकिटाच्या नावासह जाहीर करा. विक्रेत्यांवर राग काढायला मी हे मागत नाहीये. त्यांतल्या अनेकांना आपण काय विकतो हे खरंच माहीत नसतं. चांगलं बनवणाऱ्याला मात्र आज ते चांगलं आहे हे सिद्ध करायची सोयच नाही, आणि स्वस्त पीठ विकणारा त्याला सहज हरवतो.

हे सातेरी या आपल्या देशी माशीवरही तपासा. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर जे मधपाल आहेत त्यांच्याकडे सातेरी असते. मेलिफेरा उपाशी राहिली तर हळूहळू झडत जाते; सातेरी अन्न कमी पडलं की पेटी सोडून निघून जाते. त्या माणसाची वर्षाची मेहनत एका सकाळी उडून जाते. मेलिफेरावरचा निकाल तिला जसाच्या तसा लावू नका.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, मध थोडा कमी निघेल इतकंच. त्यांना मी लासलगावच्या बाजारात उभं राहून कांद्याकडे बघायला सांगेन. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी न्यावाच लागतो. ते काम माशी करते. त्यातही कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माशीला तो फारसा आवडत नाही. आजूबाजूला दुसरं काही फुललेलं असलं तर ती तिकडे जाते. अळ्यांनी भरलेल्या जोमदार पेटीतून माश्या डोंगळ्यावरही बसतात. अशक्त पेटीतून येतात चार-दोन. गोंड्यात दाणे कमी भरले की उळे, म्हणजे कांद्याचं बी, कमी मिळतं, आणि उळ्याचा भाव चढला की पुढच्या हंगामात रोप टाकणाऱ्या प्रत्येक घराला त्याची झळ बसते. चितेगाव फाट्याच्या कांदा संशोधन केंद्रापासून ते दोन वाफ्यांत घरचं बी धरणाऱ्या माझ्या जावेपर्यंत सगळ्यांचं बी याच माशीवर उभं आहे. सटाणा-मालेगावच्या डाळिंबाचंही असंच, तिथेही फुलाचं फळ होताना माशीने हात लावला की सेटिंग चांगली होते.

आणखी एक विचार बरेच दिवस मनात आहे. पाकीट कितीही सुधारलं तरी परागाची बरोबरी लगेच होणार नाही. मग आपल्या जिल्ह्याचाच पराग का साठवू नये? आश्विनात खुरासणी फुलते तेव्हा पश्चिमेच्या तालुक्यांत इतका पराग असतो की पेट्यांत ठेवायला जागा पुरत नाही. त्या दिवसांत आलटून पालटून परागसापळे लावले तर माशीला धक्का न लावता किलो-किलो गोळा होतो. भीती रोगाची. परागातून फाउलब्रूड या अळ्या कुजवणाऱ्या रोगाचे बीजाणू एका पेटीतून दुसरीत जातात, म्हणून माझा पराग मी माझ्याच पेट्यांना देते, दुसऱ्याला देत नाही. विकिरणाने ते बीजाणू मारता येतात. लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं कृषक विकिरण केंद्र आहे, पण कांद्याला कोंब येऊ नये म्हणून लागणारी मात्रा आणि या बीजाणूंना लागणारी मात्रा यांत शंभर पटींहून अधिक फरक आहे. मसाल्यांना मोठी मात्रा देणारं केंद्र वाशीला आहे. गोळा करणारे आम्ही, विकिरणाची आणि साठवणीची व्यवस्था तुम्ही, असं काही बसवता आलं तर पाकिटांत पाच-दहा टक्के खात्रीचा पराग घालता येईल. पेठ-सुरगाण्याच्या मधपालाला मधाव्यतिरिक्त एक उत्पन्न मिळेल आणि त्याला खुरासणी टिकवायचं एक कारणही मिळेल. माझ्या डोळ्यांदेखत त्या उतारांवरचे खुरासणीचे पट्टे आक्रसत चाललेत. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने फुले कारळा, फुले वैतरणा असे वाण दिलेत. बी आहे, पेरणारा मागे सरतोय.

तुमची कामं, मंजुऱ्या, समित्या, यांना वेळ लागतो हे मी समजू शकते. मानक एका पावसाळ्यात होणार नाही. पण एक गोष्ट येत्या मृगाच्या आत करता येईल. तुमच्या प्रशिक्षणांत आणि योजनांत जे खाद्य वापरलं किंवा वाटलं जाईल त्याची युरिएज आणि अमिनो आम्ल तपासणी करून निकाल जाहीर करा, आणि युरिएज चाचणी कशी करायची हे प्रत्येक प्रशिक्षणात मधपालांना हाताने करून दाखवा. मी आमच्या आसपासच्या नऊ जणांना दाखवली आहे. त्यांतल्या तिघांनी आपली पाकिटं परत केली.

पुढच्या आषाढ-श्रावणात मी २० पेट्या चाचणीसाठी बाजूला ठेवते. सगळ्यांच्या राण्या एकाच वयाच्या असतील याची काळजी मी घेईन. नोंदवही आणि इंचाची चौकट माझ्याकडे आहे, डीप फ्रीझरमध्ये या आश्विनाचा सात किलो खुरासणीचा पराग आहे. गेल्या वर्षीच्या त्या पावडरीची दोन पाकिटंही मी टाकलेली नाहीत, तपासायला लागतील म्हणून डब्यात बंद करून ठेवली आहेत. तुमच्यापैकी कुणीही या, राहण्या-जेवण्याची सोय आमच्या घरी होईल. मक्याला तुरा यायच्या आत आलात तर बरं, नंतर परागाचा हिशेब बिघडतो.

आपली,
निफाड तालुक्यातली एक मधपाल
जि. नाशिक, कार्तिक पौर्णिमा